अकरावा रकाना

एक्स-रे काढायला कोणाचीच हरकत नव्हती. मशीन चालू होतं, लाइन गेलेली नव्हती, फोटो काढणारी मुलगी जागेवर होती आणि बाकावर आधीपासून नंबर लावून बसलेलं कोणी नव्हतं. असा योग पांढुर्ण्यात वर्षातून एखाद्या वेळीच येतो. हरकत होती ती एकट्या उत्तमराव घाटोड्यांची. आणि दुखत होता तो खांदाही त्यांचाच होता.

"काका, या ना आत. शर्ट काढा अन् इथं उभे राहा," तृप्ती म्हणाली. त्या एक्स-रे सेंटरमध्ये फोटो काढण्यापासून ते संध्याकाळी शटर ओढण्यापर्यंत सगळं तृप्तीच करायची.

उत्तमराव जागचे हलले नाहीत. डाव्या हातातला फॉर्म त्यांनी डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता.

"बाई, हा फॉर्म तुम्ही स्वीकारला?"

"हव."

"पाहून?"

"पाहाचं काय त्यात? खांदा लिहिलं आहे ना जी. आम्हाले तेवढं पुरते."

"ह्यात चौदा रकाने आहेत. भरलेले किती? मोजा."

तृप्तीनं काही मोजले नाहीत. "काका, सगळेच डॉक्टर असे पाठवतेत. काल तं एकानं नुसतं 'पाय' लिहून पाठवलं. कोणता पाय, ते पेशंटलेच विचारलं. झालं काम."

"आणि पेशंट बेशुद्ध असला तर?"

"तं त्याच्या बायकोले विचारतो."

उत्तमरावांनी डोळे मिटून घेतले. गाव मध्य प्रदेशातलं, म्हणून फॉर्म हिंदीत छापलेला असायचा, डॉक्टर त्यावर हाताला येईल त्या भाषेत लिहायचे आणि पेशंट मराठीत कण्हायचा. तिथवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण सौंसरच्या डॉक्टर प्रफुल्लांनी वरच्या रेघेवर फक्त 'घाटोडे' लिहिलं होतं, खाली पाच रकान्यांच्या डोक्यावरून तिरपं 'खांदा, दुखणे' असं ओढलं होतं, आणि कोपऱ्यात गोगलगाय शाईत पाय बुडवून गेल्यासारखी सही होती. वय नाही. डावा की उजवा, ते नाही. कधीपासून दुखतो, नाही. आधी कधी फोटो काढला होता का, नाही. डॉक्टरांना कसली शंका आहे, हा तर मोठा चौकोनी रकाना होता आणि तो धुतल्यासारखा स्वच्छ होता.

आता उत्तमराव कोण, हे सौंसरमध्ये कोणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर हा माणूस बत्तीस वर्षं बसला आणि त्यानं बत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म परत केले. घाटोडेबाबूंच्या टेबलावरून एखाद्याचा अर्ज पहिल्याच फेरीत पुढे सरकला, तर तो माणूस परस्पर जामसांवलीला जाऊन हनुमानापुढे नारळ फोडून यायचा. चहा पाजून काम होईल म्हणावं, तर उत्तमराव चहा प्यायचे आणि अर्ज परत करायचे. मागच्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा भाषणात साहेब म्हणाले की घाटोडेबाबू गेल्यानं कचेरीची फार मोठी हानी झाली आहे. टाळ्या मात्र लोकांनी 'गेल्यानं' या शब्दालाच वाजवल्या.

तेव्हा असा माणूस स्वतःच्या नावाचा असला फॉर्म घेऊन मशीनसमोर शर्ट काढून उभा राहील, हे शक्यच नव्हतं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, डाव्या हातानं कसेबसे दहा रकान्यांना गोल केले, आणि तीस किलोमीटर बसनं आलेला तो माणूस एक्स-रे न काढता तीस किलोमीटर परत गेला.

"माय वो," तृप्ती म्हणाली. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, नाहीतर उत्तमराव म्हणजे तत्त्वाचा पुतळा असा तुमचा समज व्हायचा. त्यांनी दहा रकान्यांना लाल गोल केले, पण रिकामे रकाने होते अकरा. एक त्यांनी मुद्दाम सोडला होता. अकरावा. त्यात छापलं होतं: दुखापत कशी झाली?

दुखापत पोळ्याच्या दिवशी झाली होती. लेक दिपाली सहा वर्षांच्या गायत्रीला घेऊन माहेरी आली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला नातीनं मिरवावा म्हणून उत्तमरावांनी सुताराकडून अडीच फूट उंचीचा, चाकांचा, झकास लाकडी बैल करवून आणला होता. संध्याकाळी सगळी गल्ली खरे बैल पाहायला गेली. उत्तमराव डोकं दुखतं म्हणून घरी राहिले, आणि त्या मोकळ्या गल्लीत हा त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त बाबू त्या लाकडी बैलावर बसला. बसला आणि पडला. कोणी पाहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यांनी धूळ झटकली, बैल परत जागेवर नेऊन ठेवला आणि बायको मालतीबाई घरी येताच त्यांना सांगितलं की झोपेत खांदा अवघडला. रात्र अजून व्हायची होती आणि ते झोपलेलेही नव्हते, हे गडबडीत त्यांच्या लक्षात आलं नाही. सुदैवानं मालतीबाईंच्याही आलं नाही.

पांढुर्ण्याहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मालतीबाईंना बरोबर घेऊन उत्तमराव डॉक्टर प्रफुल्लांसमोर बसले आणि लाल गोलांचा फॉर्म टेबलावर ठेवला. बाहेर तापाचे पेशंट पायऱ्यांवर आले होते.

"काका, तुम्ही पांढुर्ण्याले जाऊन एक्स-रे न काढता वापस आले?"

"फॉर्म अपूर्ण होता."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला. तरुण होते, भले होते, पण सकाळपासून एकसष्ट घसे पाहून झाले होते. "काका, सगळं मीच लिहून देलं, तं मग त्या मशीननं काय पाहाचं?"

"मशीननं कुठं पाहायचं, ते तुम्ही लिहायचं. मी दिवसाला दीडशे फॉर्म पाहिले आहेत, डॉक्टर."

"पाहिले ना. भरले किती?"

हे उत्तमरावांना लागलं. मालतीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या, म्हणजे त्या हसत होत्या. पण डॉक्टर मुळात सज्जन. त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचत भरायला सुरुवात केली. नाव. वय त्रेसष्ट. उजवा खांदा. चार दिवसांपासून दुखतो, वर जात नाही. शुगर थोडी आहे. उत्तमराव मान डोलवत होते. आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून त्यांना बरं वाटत होतं.

"अकरा. दुखापत कशी झाली? पडले होते का काका?"

उत्तमरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. मालतीबाई आता खिडकीबाहेर पाहत नव्हत्या.

"नाही."

"मंग हा सोडतो कोरा."

"कोरा नको!" उत्तमरावांच्यातला बाबू माणसाआधी बोलून गेला. "कोरा रकाना म्हणजे चूक. माहिती नसेल तिथे निरंक लिहायचं असतं."

डॉक्टरांनी लिहिलं: निरंक. खाली वाचता येईल अशी सही केली, मोबाइल नंबरसुद्धा घातला. चौदापैकी चौदा रकाने भरले. उत्तमरावांनी फॉर्मची घडी न घालता तो पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्या क्षणी त्यांना आठवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण अशा म्हणी आपल्याला नेहमी दुसऱ्याच्याच बाबतीत आठवतात.

मग दुसरी पांढुर्णा वारी. बस जामसांवलीच्या फाट्यावर थांबली, तेव्हा ते खिडकीतून हात जोडायला गेले आणि उजवा हात छातीपर्यंतच आला. तृप्तीनं फॉर्म पाहिला, आणि ती तो दोन वेळा उलटसुलट करून पाहत राहिली.

"हे डॉक्टर प्रफुल्लसरांनी भरलं? त्यांची तब्येत बरी आहे ना?"

फॉर्मवर पडण्या-बिडण्याचं काही नव्हतं, म्हणून तिनं नेहमीसारखा समोरून एक फोटो काढला. रिपोर्ट आला: नॉर्मल. खांदा जाम झाला असावा, असं डॉक्टर प्रफुल्ल म्हणाले, आणि त्यांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. रोज सकाळी उत्तमराव अंगणातल्या भिंतीसमोर उभे राहून बोटांनी पाल चालवायचे, आणि समोरच्या ओट्यावरून चिंधूभाऊ पाहायचे.

चिंधूभाऊ विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. खांबावर चढायचं बंद झालं, तेव्हापासून ते लोकांच्या तब्येतीत चढायचे. "बाबू, काय भिंत खाजवून राहिले? बोरगावले एक माणूस आहे. हाड असं पकडते अन् असं बसवते. फारम नाही, फोटो नाही, काही नाही."

"काहीच लिहून घेत नाही?"

"नाव बी नाही विचारत."

"मग मला जमायचं नाही," उत्तमराव म्हणाले.

चिंधूभाऊंच्या शकुबाईंचं म्हणणं होतं की गरम विटेनं शेकावं. तिसऱ्या घरातून ओव्याचा काढा आला. एकानं सांगितलं की ही बाहेरची बाधा आहे, एकानं सांगितलं की ही मोबाइलची बाधा आहे. मालतीबाई कोणाचंच ऐकत नव्हत्या. त्या रोज संध्याकाळी मोहरीचं तेल कोमट करून अर्धा-अर्धा तास तो खांदा चोळत होत्या, आणि उत्तमराव दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ओरडलं तर ती विचारणार, इतकं कसं दुखतं हो अवघडलेलं? म्हणून ते ओरडत नव्हते. खांद्यापेक्षा जबडाच जास्त दुखायला लागला होता.

हेही निभलं असतं. पण बाराव्या दिवशी शांताबाई आल्या.

खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर उत्तमरावांचं जे काय जगणं होतं, ते या शांताबाईंसारख्यांच्या येण्यावर होतं. ज्या हातानं बत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म परत केले, तोच हात आता गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचा. रेशनचे, पेन्शनचे, मुलींच्या शिष्यवृत्तीचे. घाटोडेबाबूंनी भरलेला फॉर्म कुठल्या खिडकीवरून परत येत नाही, ही ख्याती बोरगावपर्यंत होती. सकाळी ओट्यावर चार माणसं कागद घेऊन बसलेली दिसली की उत्तमरावांना अजून कचेरी सुटली नाही असं वाटायचं, आणि तो आनंद पेन्शनीपेक्षा मोठा होता.

शांताबाईंनी बँकेचा फॉर्म आणला होता. नवरा शाळेत शिपाई होता. त्याच्या मागं यांना पेन्शन चालू होती, आणि तिच्याच कसल्याशा कागदात पत्ता बदलायचा होता. उत्तमरावांनी कोपराखाली उशी घेतली, पेन धरलं आणि लिहायला लागले. पहिलं अक्षर बरं आलं. दुसरं खाली गेलं. पाचव्या अक्षराला खांद्यातून अशी कळ आली की रेघ रकान्याबाहेर जाऊन तारखेला भेटली. तरी त्यांनी फॉर्म पुरा केला.

दोन दिवसांनी शांताबाई परत आल्या. ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या.

"वापस केला जी भाऊजी, बँकीतल्या पोरानं."

"परत केला? माझा?"

"वाचताच नाही येत म्हणे." शांताबाई पदराशी चाळा करत होत्या. "म्हणे, मावशी, हा कोण्या डॉक्टरनं भरला का?"

चिंधूभाऊ समोर खो-खो हसले. उत्तमराव हसले नाहीत.

"द्या इकडे, दुसरा भरतो."

"राहू द्या ना. तुमचा हात बरा झाला का मंग पाहू. आता त्या कॉम्प्युटरवाल्याकडून घेतला मी भरून."

त्या दिवशी उत्तमराव जेवले नाहीत. मालतीबाईंनी वरण वाढलं, ते तसंच राहिलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला बायकोसमोर रडता येत नाही, म्हणून ते अंगणात गेले आणि भिंतीवर बोटं चढवत राहिले. बोटं छातीच्या वर जात नव्हती. हा हात गेला तर आपल्याकडे कोण येईल आणि कशाला, हे त्यांना भिंतीकडे तोंड करून अगदी स्पष्ट दिसलं.

नागपूरचे हाडांचे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी पांढुर्ण्याला यायचे, त्याच एक्स-रे सेंटरला लागून असलेल्या खोलीत बसायचे. तो रविवार आला. पोळ्यापासून तो अठरावा दिवस होता. बाकं भरली होती. कोणाचा पाय प्लास्टरमध्ये, कोणाच्या गळ्यात पट्टा, आणि एक म्हातारे आजोबा नुसतेच गर्दी पाहायला आल्यासारखे ऐसपैस बसले होते. उत्तमरावांचा नंबर लागला. मालतीबाई त्यांच्यासोबत आत गेल्या.

डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, गेला नाही. कोपर कमरेशी धरून बाहेर फिरवून पाहिला, तसूभरही फिरला नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला, मग फॉर्म घेतला, आणि आठी गेली.

"अरे वा! इतका व्यवस्थित भरलेला फॉर्म मी पंधरा वर्षांत पाहिला नाही."

उत्तमरावांची छाती फुगली. फुगली तशी दुखलीही.

"आणि हे निरंक म्हणजे काय?"

"म्हणजे तसं काही घडलेलं नाही."

"पडले नव्हते?"

"निरंक," उत्तमराव म्हणाले, पण आवाज जरा लहान निघाला.

"कमाल आहे. हा हात पाहून मला वाटलं होतं तुम्ही पडले असाल. रकाना कोरा असता तर मी दहादा विचारलं असतं. पण इथं तर लेखी आहे." डॉक्टरांनी पेन उचललं. "मग जाम खांदाच. हाच व्यायाम करा, पुढच्या महिन्यात दाखवा."

पेन कागदावर टेकलं. उत्तमरावांना बँकेच्या पोराचा आवाज ऐकू आला. तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, तरी ऐकू आला.

"डॉक्टरसाहेब, समजा... एखादा माणूस पडला असता तर?"

"तर मी बाजूनं फोटो काढायला लावला असता. हात टेकून पडलं की कधी कधी खांद्याचा गोळा मागं सरकतो. समोरून फोटो काढला तर जागेवरच आहे असं वाटतं."

"आणि सरकला असला तर?"

"किती दिवस झाले त्यावर आहे. तीन आठवड्यांच्या आत बहुतेक ओढून बसतो. उशीर झाला तर कापावं लागतं, आणि मग हात पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही."

"लिहिता येतं का?"

"कोणाला?"

"समजा, त्या पडलेल्या माणसाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मालतीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमराव उठले.

"मला हा फॉर्म मागे घ्यायचा आहे. माहितीत दुरुस्ती आहे. खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म लागेल."

बाहेर तृप्तीनं कोरा फॉर्म दिला. उत्तमरावांचा उजवा हात पेन धरेना, डाव्याचं अक्षर त्यांनाच मान्य नव्हतं. शेवटी मालतीबाई बाकावर फॉर्म मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचं अक्षर टपोरं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचता येत नव्हतं.

"हळू सांगा," त्या म्हणाल्या. "लोक ऐकतेत."

पण कागदावर मजकूर सांगायला लागलं की उत्तमरावांचा आवाज कचेरीतलाच व्हायचा, तो आता कुठून हळू होणार? त्यांनी घसा खाकरला.

"अकरावा रकाना. लिही. 'पोळ्याच्या दिवशी सायंकाळी अंदाजे साडेपाच वाजता...'"

"पोळ्याच्या दिवशी? त्या दिवशी तं डोकं दुखून राहिलं होतं तुमचं."

"'...घरातील सर्व मंडळी पोळा पाहण्यास गेली असता, अर्जदाराने...'"

"अर्जदार कोण?"

"मी. '...अर्जदाराने नातीच्या तान्ह्या पोळ्याकरिता आणलेल्या लाकडी बैलाच्या चाकांना तेल दिले, व चाके व्यवस्थित फिरतात किंवा कसे याची खात्री करण्याच्या हेतूने अर्जदार सदर बैलावर बसला.'"

पेन थांबलं. समोरच्या बाकावरची कुजबुजही थांबली.

"कशावर बसले?" मालतीबाईंनी विचारलं.

"वाक्य तोडू नको, लिही. 'गल्लीला उतार असल्याने बैल आपोआप चालू लागला. अर्जदाराने पाय टेकून तो थांबवण्याचा प्रयत्न केला असता, अर्जदाराची चप्पल चाकात गेली.'"

"वेसण नव्हती का जी?" आजोबांनी मनापासून विचारलं.

उत्तमरावांनी तिकडे पाहिलं नाही. कान लाल झाले होते, पण मजकूर अर्धवट टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "'हँडपंपाजवळ बैल थांबला. अर्जदार थांबला नाही. अर्जदार उजवा हात पुढे करून तळहातावर पडला. तेव्हापासून हात वर जात नाही व बाहेर फिरत नाही. यापूर्वी दिलेली माहिती अर्जदाराने लाजेपोटी दिली होती, ती रद्द समजावी.'"

मग जे हसू फुटलं, त्याला आवर नव्हता. प्लास्टरवाला प्लास्टर आपटत होता. गळ्यात पट्टा असलेल्या बाईंना मान हलवायची मनाई होती, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. तृप्तीनं रजिस्टर तोंडासमोर धरलं होतं आणि रजिस्टर हलत होतं.

हसल्या नाहीत त्या फक्त मालतीबाई.

"अठरा दिवस," त्या म्हणाल्या. "अठरा दिवस मी हा खांदा चोळून राहिली. असा रगडून राहिली, सरकलेल्या हाडावर. अन् तुमच्या तोंडातून आवाज नाही निघाला."

"तू हसली असतीस."

"हसली असतीच! पोट धरू-धरू हसली असती. अन् मंग त्याच पावली उचलून दवाखान्यात आणलं असतं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याचाही राग आला. "माह्या हसण्याचं इतकं भेव वाटते तुम्हाले? चाळीस वर्षं झाले लग्नाले."

उत्तमरावांनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला, भर बाजारात, म्हणजे भर दवाखान्यात. आजोबांनी शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

तृप्तीनं बाजूनं फोटो काढला. गोळा मागं सरकलेला होता, उत्तमरावांनासुद्धा दिसला. त्याच दुपारी गुंगीचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी खांदा ओढून बसवला. शुद्धीवर येताना उत्तमराव म्हणे 'निरंक रद्द, निरंक रद्द' असं बडबडत होते, पण हे तृप्तीचं म्हणणं आहे, याला लेखी पुरावा नाही.

ते सौंसरला पोचायच्या आधी बातमी पोचली. झोळीत हात घालून उतरले, तर चिंधूभाऊ ओट्यावर उभे. "बाबू, हेल्मेट नव्हतं का?" शकुबाईंनी विचारलं, बैलाला जास्त तर नाही ना लागलं. आठवडाभर उत्तमराव ओट्यावर फिरकले नाहीत. मालतीबाई मात्र घरात त्यांच्याकडे नुसतं पाहायच्या आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात जायच्या. आतून भांडं पडल्याचा आवाज यायचा. राहिलेलं सगळं हसून घेत होत्या.

पाच आठवड्यांनी झोळी सुटली. तपासणीसाठी उत्तमराव पांढुर्ण्याला गेले, आणि एक्स-रे सेंटरच्या दारातच उभे राहिले. समोरच्या भिंतीवर, काउंटरच्या वर, प्लास्टिक चढवून त्यांचा फॉर्म लावलेला होता. वर तृप्तीनं लिहिलं होतं: फॉर्म असा भरावा.

"काका, राग नका मानू," ती धावत आली. "डॉक्टरांचे कंपाउंडर येतेत ना, त्यांना दाखवतो मी. तेव्हापासून अर्धे फॉर्म भरून याले लागले. डॉक्टर प्रफुल्लसर तं आता शंकाही लिहितेत. तुम्हाले वाईट वाटत असन तं नावावर पट्टी लावून देतो."

उत्तमरावांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला. अक्षर टपोरं होतं. चौदा रकाने, एकही कोरा नाही. तारीख, सही, सगळं जिथल्या तिथं. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर असा कागद आला नव्हता, आणि त्यात ते बैलावरून पडत होते.

"नाव झाकलेला फॉर्म मी कधी घेतला नाही," ते म्हणाले. "राहू दे तसाच."

बाकावर चाळिशीचा एक माणूस सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन बसला होता. हातात फॉर्म. उत्तमरावांना राहवलं नाही. ते शेजारी बसले आणि त्यांनी तो मागून घेतला. अकरावा रकाना कोरा होता.

"कसं लागलं?"

"असंच जी. दुखून राहिलं."

उत्तमरावांनी उजवा हात वर केला. तो डोक्याच्याही वर गेला, आणि बोट भिंतीवरच्या फॉर्मवर स्थिर झालं. "ते वाचा आधी."

माणूस उठून वाचायला लागला. ओठ हलत होते. हँडपंपापाशी आला तसे त्याचे खांदे हलायला लागले. मग त्यानं नाव वाचलं, आणि उत्तमरावांच्या हातातल्या फायलीवरचं नाव वाचलं.

"हे तुम्ही?"

"मीच."

माणूस हसला. अगदी वाकून हसला. उत्तमरावांनी त्याला पोटभर हसू दिलं, तोवर पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म फायलीवर सरळ करून घेतला.

"झालं? आता बोला."

माणसानं पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. तिथं धोतर-टोपीतले एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. तो बाकावर बसून जवळ सरकला आणि उत्तमरावांच्या कानाशी लागला.

"सांगतो जी. पण हळू लिहा. सासरे बसून आहेत."

"लिहिण्याचा आवाज होत नाही," उत्तमराव म्हणाले. "बोला."